मी होडी भरून पाहिली होती

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला कळलंच नसेल असं म्हणवत नाही — पण माझ्या तोंडून नाही. आणि तुम्हाला सांगताना तरी कुठं धड सांगतोय? दोनदा लिहून फाडलं. दर वेळी सुरुवात माझ्या बदलीपासून होते आणि मूळ गोष्ट राहते बाजूलाच. जित्याची खोड, दुसरं काय!

बरं, बदलीपासूनच घ्या. कारण खोटं तिथंच रुजलं. मी मूळचा अकोले तालुक्यातला. प्राथमिक शाळेत मास्तर. पारनेरकडच्या या गावात आलो तेव्हा इथं प्यायचं पाणी टँकरनं यायचं. अकोल्याचा मास्तर म्हटल्यावर लोकांनी काय धरून चालावं? — भातशेतीतला, धरणाच्या काठचा, म्हणजे पाण्यातच जन्मलेला. "गुरुजी, तुमी तर धरनात पवत असाल." मी हसलो. नुसता हसलो हो! नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण पुढच्या वर्षी मी अर्धं धरण पोहून आलो होतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आख्खं. गावात गुडघाभर पाणी नव्हतं. दाखवा बघू, असं कोण म्हणणार होतं?

खरं असं, की मी पाण्याला भितो. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला श्वास सापडत नाही. आंघोळीला डोक्यावर तांब्या ओततानासुद्धा मी आधी नाक धरतो. पासष्टी गाठली, अजून धरतो.

मग गावाला पाणी आलं. हिवरे बाजारचं बघून आमच्याही लोकांनी डोंगराला चर खणले, नाल्यांना बांध घातले. जो पाझर तलाव दिवाळीला तळ दाखवायचा, तो होळी उलटली तरी भरलेला राहायला लागला. गावानं पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, आणि तलावाकडं न बघता घरी आलो.

आता बबन. शाळेच्या मागं त्याचा गोठा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, माझा शेजारी आणि — मित्रच म्हणायचा. गावातर्फे त्यानं तलावात मासळीचं बी सोडलं. तो पोहायला शिकला विहिरीत. विहिरीत कसं, हात लांब केला की दगड लागतो. तलावात हात लांब करून काय लागणार? म्हणून गडी फार जपून असायचा. त्याची होडी म्हणजे बंद पडलेल्या गुऱ्हाळातली काहील — उसाचा रस आटवतात ती भली मोठी कढई. आमच्या जिल्ह्यात नदीकाठची माणसं पाणी ओलांडायला काहील वापरतातच. वल्हं मारलं की ती आधी स्वतःभोवती गिरकी घेते, मग वाटलं तर पुढं सरकते. पण बबननं मागं दोरीनं ट्रकची फुगवलेली ट्यूब बांधलेली असे. काहील गेली तर ट्यूब. त्या ट्यूबशिवाय तो कधी पाण्यावर गेला नाही.

दोन वर्षांनी त्याला खरी होडी घ्यायची झाली. सल्ला कुणाचा? माझा! रोज संध्याकाळी ओट्यावर आमची बैठक. थर्माकोलचा चप्पू, म्हणजे तराफा, नको, उन्हानं भुगा होतो. लाकडाची नको, सांधे कोण भरणार? फायबरची बरी. साचलेलं पाणी आहे, तेव्हा बूड सपाट हवं. जाळं ओढताना कलायला नको, तेव्हा रुंद हवी. आणि दोघांना उचलता आली पाहिजे. मी हे सगळं मोबाईलवर वाचून बोलत होतो. तो कान देऊन ऐकत होता.

राहात्याजवळ एका शेडमध्ये पाण्याच्या टाक्या आणि होड्या बनवतात असं कळलं. निघायच्या दिवशी पहाटे बबनची म्हैस अडली. आता गोठा सोडून कसा येणार? अडला हरी, गाढवाचे पाय धरी — गाढव मीच. टेम्पोपाशी येऊन त्यानं माझा हात धरला.

"गुरुजी, एकच करा. होडी पान्यात पार भरू द्या, काठोकाठ. अन् मग तिच्यात बसा. भरून बी तरंगली तरच आना. न्हाईतर रिकामे या, मला राग न्हाई."

किती साधं मागणं! त्याला रंग नको होता, आकार नको होता. बुडाल्यावरसुद्धा हाताला धरायला काहीतरी राहील एवढीच खात्री हवी होती.

शेडच्या मागं शेततळं होतं. तुम्ही पाहिलं असेल, काळ्या प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, उतारावर हिरवं शेवाळ, वर यायला एक दोर सोडलेला. मी तो दोर पाहिला आणि दोन पावलं मागं सरकलो. मालक सरळ माणूस. म्हणाला, होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद पेट्या असतात, त्यांच्यावर ती तरंगते. पण हाताचं काम आहे, भरून बघितल्याशिवाय नेऊ नका. माझा माणूस उतरतो, वजनाला तुम्हीपण बसा. झालं! आता काय सांगू, मला भीती वाटते? एवढं बोलता आलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली असती का?

मी म्हणालो — गरज नाही, मला दिसतंय. काठावर उभं राहून दोन होड्यांतली रुंद, निळी होडी बोटानं दाखवली. ती दिसायला स्थिर वाटत होती.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. बायकोनं पिशवीत कपड्यांचा जास्तीचा जोड दिला होता. शेडच्या नळाखाली मी तो चांगला भिजवला, पिळला, पिशवीत कोंबला. घरी आल्यावर तिनं सदरा झटकला, क्षणभर नाकाशी नेला आणि दोरीवर टाकला. तळ्याच्या पाण्याला वास असतो. नळाच्या पाण्याला नसतो.

बबननं नारळ फोडला. मग विचारलं, भरून बघितली ना? मी म्हणालो, "अरे, गळ्यापर्यंत पाण्यात बसलो होतो, तरी बया खाली जाईना!" लोक हसले. बबननं त्याच दिवशी ट्यूब सोडली आणि गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवली.

तिथून तीन वर्षं मला झोप अशी नाही. रोज सकाळी मी तलावाच्या भिंतीवर. तो पाण्यावर जायचा, परत यायचा, तोवर माझा पाय निघायचा नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, साखर वाढलीय, चालायला येतो. गाव काय म्हणायचं माहितीये? गुरुजींचा बबनवर लई जीव! रोज घरून ठरवून निघायचो, आज सांगायचं — बबन, ट्यूब बांध रे. एवढे तीन-चार शब्द. पण तो विचारणार, का? आणि मग?

भाद्रपदातली सकाळ होती. जाळ्यात मोठे कटले मासे लागले होते, तो एका अंगाला झुकून ओढत होता, आणि वाऱ्याची लाट कडेवरून आत आली. मग दुसरी. होडी भरली. काठ लांब नव्हता, उडी टाकून चार हात मारले असते तर पोचला असता. पण तो हलला नाही. उलट माझ्याकडं हात करून ओरडला, "भिऊ नका गुरुजी, ही बुडत न्हाई!" आणि होडी त्याच्या खालून गेली. जाळं पायात, कटल्यांसकट.

कुणीतरी ओरडलं, गुरुजी, टाका उडी! मी पाण्यात शिरलो. गुडघ्यापर्यंत. तिथून मागं फिरलो, छातीवर हात धरून काठावर बसलो, आणि लोकांना वाटलं कळ आली. काठावर पाण्याची मोटार दुरुस्त करत असलेल्या दोघांनी दोर घेऊन उड्या टाकल्या, जाळं कापलं, त्याला ओढून काढला. काळानिळा झाला होता. वाचला. आठवडाभर दवाखान्यात होता, पण वाचला.

त्यानंतर तो पाण्यावर गेला नाही. तलाव दुसऱ्यांनी घेतला. गावातला पाण्यावर सगळ्यात जपून असणारा माणूस, त्याला लोक "होडी बुडव्या" म्हणायला लागले. थट्टेनंच, पण तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मला पाहिलं की वाट बदलायचा. मला वाटलं, याला कळलं.

उन्हाळ्यात पाणी हटलं आणि होडी चिखलात उघडी पडली. दुपारी एकटाच गेलो, पालथी करून सगळीकडून हात फिरवला. कुठं खोच नाही, तडा नाही. दोन्ही पेट्यांच्या कडा मात्र वीत-वीत उघड्या. तिथं चिकटवणाऱ्याचा हात कधी फिरलाच नव्हता. एकदा भरून पाहिली असती, तर शेततळ्यातच तळाला गेली असती.

दुसऱ्या दिवशी बबन घरी आला. दारातच उभा राहिला, हात जोडून.

"गुरुजी, तोंड दाखवायला लाज वाटती. एकदा मागं वढताना धोंड्यावर आपटली हुती. मी कुनाला बोललो न्हाई. तुमी येवढी पारखून आनलेली, अन् मी घालवली."

मी त्याला आत घेतलं. बायकोला चहा टाकायला सांगितलं. ती उठली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी बबनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे. होतं माणसाच्या हातून. मी मनात काही ठेवलेलं नाही."

तो रडला. वाकून त्यानं माझे पाय धरले. मी धरू दिले.