फिल्टरची छत्री

कोइमतूरच्या पंपांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं आराखडे काढले. मग कारखाना दुसऱ्या मालकाने घेतला आणि आमचा विभागच बंद केला. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. योगायोगाने त्याच सुमारास आमच्या ह्यांची बँकेतली बदली कुंभकोणला झाली. गावातल्या मेलकावेरी भागात आम्ही एक भाड्याचं घर घेतलं. हे सकाळी नऊला डबा घेऊन निघत आणि मी दिवसभर घरात एकटी. नोकरीसाठी अर्ज केले, पण या गावात पंपांचे आराखडे कोणाला हवे होते?

मुलगी बंगळूरला असते. तिने फोनवर सुचवलं, "आई, तुमच्या गावचे पितळी कॉफी फिल्टर इंटरनेटवर वीक. कुंभकोणच्या कॉफीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे."

मला पटलं. दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारे पितळकाम करणारे राहत. इथे कारागिराला आदराने 'आसारी' म्हणतात, तसं सगळे त्यांना म्हणत. त्यांच्याकडून मी बारा फिल्टर आणले, अंगणातल्या उजेडात फोटो काढले आणि विक्रीच्या एका संकेतस्थळावर चढवले. दोन महिन्यांत एक विकला गेला. घेणारी माझी नणंद निघाली. तिच्या घरी आधीच दोन होते.

नंतर मी ते संकेतस्थळ गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं. पितळी फिल्टर म्हणून शोधलं तर पानामागून पानं उलटत गेली. माझा फिल्टर कुठे आहे ते मलाच सापडेना. हे म्हणाले, "ज्या वस्तूची शंभर दुकानं आहेत, तिथे एकशे एकावं दुकान टाकून बसलीस तू." खरंच होतं ते.

उरलेले अकरा फिल्टर परत नेऊन द्यावेत असं मनात घोळत असतानाच पुण्याहून एका बाईंचा इंग्रजीत निरोप आला. त्यांना फिल्टर नको होता. त्यांच्या आईचा होता त्यांच्याकडे. पण घर बदलताना आतली छत्री हरवली, तेवढीच मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं.

ज्यांनी हा फिल्टर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एकावर एक बसणारी दोन भांडी असतात. वरच्याच्या तळाला बारीक भोकं असतात. त्यात कॉफीची पूड घालायची, तिच्यावर भोकांची एक चकती ठेवून दाबायची आणि वरून उकळतं पाणी ओतायचं, की खालच्या भांड्यात कॉफीचा दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन उतरतं. त्या चकतीला मधोमध दांडी असते, म्हणून तिला छत्री म्हणतात. सगळ्यात लहान तुकडा तोच, आणि हरवतोही तोच.

मी त्या बाईंना फोन लावला. इंग्रजीत बोलता बोलता त्या मध्येच घरातल्या कोणाला तरी म्हणाल्या, "अगं, गॅस बारीक कर." मी चमकले आणि मराठीतच उत्तर दिलं. आमच्या घरची मराठी तंजावरच्या राजांच्या काळात इथे आलेल्या लोकांची आहे. दाराबाहेर पाऊल टाकलं की आम्ही तमिळ बोलतो. माझं बोलणं ऐकून बाईंनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही 'निरोप पावला' म्हणालात! माझी पणजी असं बोलायची म्हणे." हसल्या, पण ते हसणं टोचलं नाही. त्यांनी मोजपट्टीने माप घेऊन कळवलं.

मी आसारींकडे गेले. ते लेथसमोर बसले होते. बाजूला त्यांची सून चिंचेच्या कोळाने एक समई घासत होती. ती जवळच्या इन्नंबूर गावची, भातशेतीच्या घरातली. लग्नानंतर घासणं आणि चकाकी देणं एवढंच काम तिच्याकडे आलं होतं.

"एक छत्री?" आसारी तमिळमध्ये म्हणाले. "अम्मा, नुसती छत्री कोण विकतं? उद्या कोणी म्हणेल शर्ट नको, बटण द्या."

"बटणं सुटीच मिळतात, आसारी."

सून खाली मान घालून हसली. आसारींनी कुरकुरत पत्रा उचलला.

छत्री पुण्याला पोचली आणि चौथ्या दिवशी फोन आला. "अहो, ती अर्ध्यावर अडकली! आता आत जाईना आणि बाहेरही येईना." मी कपाळावर हात मारला. बाईंनी भांड्याच्या तोंडाचं माप दिलं होतं. भांडं खाली किंचित निमुळतं होत जातं आणि छत्री बसते तळाशी. बावीस वर्षं मी तोंडाचा व्यास आणि तळाचा व्यास यांतला फरक नव्या मुलींना शिकवला आणि स्वतः विचारायला विसरले. मला इतकी लाज वाटली की मी आसारींना दोन दिवस तोंड दाखवलं नाही.

पण त्या दोन दिवसांत एक युक्ती सुचली. मी पुण्याच्या बाईंना सांगितलं, "भांडं बाहेरून गरम पाण्यात धरा, अडकलेली छत्री सुटेल. मग जाड कागदाची चकती कापा. भांड्याच्या तळाशी सपाट बसेपर्यंत कडेने छाटत राहा. बसली की पाकिटात घालून मला टपालाने पाठवा." त्यांनी लग्नपत्रिकेच्या कागदाची चकती पाठवली. या वेळी छत्री अशी बसली की बाईंनी चक्क व्हिडिओ काढून धाडला. त्यात त्यांचा हात तेवढा दिसत होता, दांडी धरून छत्री वर-खाली करणारा.

मग मी कॉफीवाल्या लोकांचे इंटरनेटवरचे गट धुंडाळले. कोणी विचारलं होतं, छत्री हरवली, काय करू. कोणी वाटीच्या तळाने पूड दाबत होतं, कोणी सांडशीने. उत्तर कोणीच देत नव्हतं, फार तर "नवा घ्या" म्हणत. नवा घ्यायचा असता तर यांनी विचारलं कशाला असतं? मी माझ्या पानावरचे सगळे फिल्टर काढून टाकले आणि एवढंच लिहिलं: जुन्या फिल्टरची छत्री, तुमच्या मापाने.

पाकिटं येऊ लागली. कॅलेंडरच्या कागदाच्या चकत्या, वहीच्या पुठ्ठ्याच्या, एक तर औषधाच्या खोक्याची. सोबत भांड्याचा फोटोही मी मागत असे, कारण पितळेचा रंग जुळवायचा असे. सिंगापूरहून आल्या, नागपूरहून आल्या, जवळच्या तिरुप्पनंदाळहूनसुद्धा एक आली. तिथल्या आजोबांना वाटलं मी परदेशात कुठे तरी बसते. "कुंभकोणलाच आहे" म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ते बसने फिल्टर घेऊनच दारात हजर.

आसारी मात्र नाखूश होते. अख्खं भांडं घडवणाऱ्या माणसाला तुकडे करायला लावते आहे, असा त्यांचा चेहरा असे. एके दिवशी चकत्यांबरोबर मी फोनमधले फोटोही त्यांच्यापुढे धरले. एका फोटोपाशी त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"मोठं कर हे."

मी फोटो मोठा केला. भांड्याच्या काठाखाली तीन बारीक रेघा होत्या.

"हे माझ्या मामांच्या भट्टीतलं आहे," ते म्हणाले. "तीन रेघा तेच ओढायचे. भट्टी बंद होऊन किती वर्षं झाली! कुठे आहे हे?"

"कॅनडात."

"कॅनडात," ते म्हणाले आणि सुनेला हाक मारली. तिनेही हात पुसत येऊन पाहिलं. विकलेलं भांडं पुन्हा पाहायला मिळण्याची या माणसाला सवयच नव्हती. ते दुकानात जायचं आणि मग दिसेनासं व्हायचं. त्या दिवसापासून मी पोचायच्या आधीच ते चष्मा लावून बसलेले असत. फोटो पाहून भट्टी ओळखत, भट्टी कळली की मापाचा अंदाज सांगत, आणि कागदाची चकती लावून पाहिली तर तो बहुतेक वेळा खरा निघे. हे सगळं मी आराखड्याच्या कागदावर उतरवून घेऊ लागले. काठाची रेघ, झाकणाच्या मुठीचा घाट, तळाचा व्यास. मला पुन्हा माझ्या टेबलाशी बसल्यासारखं वाटे.

वर्षभर बरं चाललं. मग एका बड्या विक्रेत्याने स्टीलच्या छत्र्या काढल्या, तीन मापांत, माझ्याहून पुष्कळ स्वस्त. पाकिटं येणं जवळजवळ थांबलं. मी ह्यांना म्हटलं, "संपलं बहुतेक." ते म्हणाले, "किंमत उतरवून बघ." पण किंमत उतरवायची म्हणजे आसारींची मजुरी उतरवायची. ते मला करवेना.

आसारींना सांगितलं तर ते चिडलेच. "तीन मापं? या गावात प्रत्येक भट्टीचं माप निराळं होतं. एकाचं भांडं दुसऱ्याच्या भांड्यात बसू नये म्हणून मुद्दाम! त्याची छत्री डुगडुगेल. पाणी कडेने उतरेल आणि डिकॉक्शन पातळ पडेल. थांब जरा."

थांबण्यावाचून दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. दीडेक महिन्याने निरोप सुरू झाले. "स्टीलची घेतली होती, डुगडुगते." "कॉफी फिकी होते." तेव्हा मी पानावर आणखी एक ओळ घातली: भांड्याचा फोटो पाठवा, कोणत्या भट्टीचं आहे ते सांगू. लोक त्यासाठीच लिहू लागले. कित्येकांना आपला फिल्टर कुठला हे ठाऊकच नव्हतं. आईकडून आला, एवढंच माहीत. त्या बड्या विक्रेत्याला हे जमण्यासारखं नव्हतं, कारण ती मापं कुठेच लिहिलेली नव्हती. ती एका म्हाताऱ्याच्या डोक्यात आणि आता माझ्या कागदांवर होती.

त्या सुमारास आसारींचे डोळे अधू होऊ लागले. भोकांच्या ओळी वाकड्या येत. मोतीबिंदू निघाला आणि शस्त्रक्रियेसाठी मुलगा त्यांना घेऊन गेला. नेमकी त्याच वेळी एक छत्री तातडीने हवी होती. चेन्नईच्या एका बाई परदेशी लेकीकडे निघाल्या होत्या आणि फिल्टर सोबत नेणार होत्या. मी सुनेला म्हटलं, "राहू दे, मी त्यांना नाही म्हणून कळवते."

ती म्हणाली, "मी करू का?"

"तुला येतं?"

"नऊ वर्षं समोर बसून बघते आहे, अम्मा."

तिने पदर खोचला, पत्रा कापला आणि लेथ सुरू केला. पहिल्या दोन चकत्या वाया गेल्या. तिसरी जमली. मी कागद लावून पाहिला आणि गाठीला असलेल्या सगळ्या अनुभवानिशी सांगते, माप बिनचूक होतं. आम्ही ती पाठवायच्या बेतात होतो, तेवढ्यात आसारी काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले. सून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. त्या घरात बाईमाणूस आजवर कधी लेथवर बसलेलं नव्हतं.

त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, मी छत्री हातावर ठेवली. ते अंगठ्याने कड चाचपत राहिले, एकदा पूर्ण फिरवली, मग उलट.

"कड कोणी काढली?"

"मी, मामा," सून म्हणाली. इथे सासऱ्यांना मामा म्हणतात.

त्यांचा अंगठा कडेवर एका जागी थांबला. मग म्हणाले, "इथे जरा जाड राहिली आहे. परत लेथवर लाव." आणि चपला काढून, भिंतीचा आधार घेत स्वतःच लेथजवळच्या स्टुलावर जाऊन बसले, ती कशी लावते त्याचा आवाज ऐकायला.

आता लेथचं सगळं काम तीच करते. घासायला शेजारची एक बाई येते. आसारी डोळे बरे झाल्यावर फोटो पाहून भट्ट्या ओळखायचं काम तेवढं करतात आणि त्याचा वाटा हक्काने मागून घेतात. मी श्रीमंत झाले नाही. पण घराचं भाडं आता माझ्या कमाईतून जातं. एका कंपनीतून आराखड्यांच्या कामासाठी बोलावणं आलं तेव्हा मी दोन दिवस विचार करून नको म्हणून कळवलं. ह्यांनी कारण विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात सुनेने माझ्यापुढे एक पितळी गोळा ठेवला. "झाकणाची मूठ आहे. तिघा गिऱ्हाइकांनी विचारलं होतं ना? करून बघितली."

मी ती फिरवून पाहिली. आटे कच्चे होते, मूठ हलत होती. मी तसं सांगितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्हाला बोलावलं. आटे कसे मोजतात ते दाखवा."

मी पिशवीतून मोजमापाचा कॅलिपर काढला आणि तिच्या शेजारी बसले.