वांग्याचा अहलकार

आमच्या बाजारहत्नूरचा महिपत म्हणजे भाजी पिकवणाऱ्या घरातला पहिला सरकारी नोकर. निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, व्हायला परीक्षा असे, तीही उर्दूतून. महिपत पहिला आला. पण गाव सरळ मानेल तर ते गाव कसलं? परीक्षेआधी त्याच्या आईनं, सोजरबाईनं, तहसीलदार साहेबांच्या घरी वांग्यांची टोपली धाडली होती. साहेबलोकांना अशी डाली पाठवायची तेव्हा रीतच होती. झालं, गावानं नाव ठेवलं, 'वांग्याचा अहलकार'.

महिपतला ते फार लागलं. आपण डोक्यानं लागलो की वांग्यांनी, हे त्याचं त्यालाच कळेना. पुढं धाकटा भाऊ फकिरा त्याच परीक्षेला बसला, तेव्हा ह्यानं आईला निक्षून सांगितलं, डाली जाणार नाही. फकिरा नापास झाला. परत बसणार नाही म्हणाला आणि मळ्यात उतरला.

"तुह्या वक्ती डाली गेली," सोजरबाई महिपतला म्हणाली. "ह्याच्या वक्ती तूच आडवा आला." फकिरानं तर भावाशी बोलणंच सोडलं.

चूक कोणाची, मी महिपतचा लहानपणापासूनचा दोस्त, पण मलाही कळत नव्हतं. पुढं तहसीलदार साहेब नोकरीतून निवृत्त होऊन आदिलाबादला राहिले. महिपत मला सोबत घेऊन त्यांच्याकडे गेला आणि सरळच विचारता झाला. साहेबांना डाली आठवेचना. वांग्यानं बेगमसाहेबांच्या अंगाला खाज सुटायची, म्हणून आलेली वांगी दारावरचा शिपाईच घरी न्यायचा. कोणी धाडली, हे आत कळतही नसे. तुझं उर्दू चांगलं होतं म्हणून तुला घेतलं, म्हणाले.

परतीच्या वाटेवर बंडीत महिपत एकटाच हसत होता. मलाही फार बरं वाटलं. वाटेतलं इचोडा गाव मागं पडलं आणि त्याचं हसू गेलं. मी कारण विचारलं.

"मंग फकिराचं काय?" तो म्हणाला.

डाली गेली नाही म्हणून नोकरी हुकली, एवढाच फकिराला आधार होता; खरं कळलं तर तोही जाणार होता.

घरी फकिरा बाजारासाठी वांगी निवडत बसला होता. साहेब काय म्हणाले, आईनं विचारलं. महिपतनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फकिराशेजारी खाली बसला.

"वांगी लई आवडली होती म्हणे त्यायले," तो म्हणाला. "चुकलं माह्यं, फकिरा. तुह्या वक्तीबी पाठवायले पाहिजे होती."

फकिरानं टोपली दोघांच्या मधे सरकवली. गाव महिपतला मरेपर्यंत वांग्याचा अहलकारच म्हणत राहिलं, आणि साहेब खरं काय म्हणाले ते मी कोणाला सांगितलं नाही.