खिडक्या बंद, वेटिंग चालू

दोन जावांचं पटत नाही यात नवल कसलं? पण या दोघींची तऱ्हाच वेगळी होती. घरातलं भांडण सकाळी डब्यात भरून ऑफिसात न्यायच्या आणि संध्याकाळी तो डबा तसाच भरलेला परत आणायच्या. थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. ऑफिस एकच, रेल्वेच्या आरक्षणाचं. तिथेही लोक त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणत, पाठीमागे अर्थात. तोंडावर म्हणायची छाती कोणाची होती?

थोरलीचं राज्य मागच्या मशीन रूममध्ये. पुढे खिडक्यांवर तिकिटं विकली जायची, पण कुठल्या गाडीतला कुठला बर्थ कोणाला, हे ठरायचं मागच्या जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे खोलीभर पसरलेल्या त्या कॉम्प्युटरवर. खोलीत बारा महिने गारठा, म्हणून थोरली बारा महिने स्वेटरात. ती ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा मशीन नवं होतं आणि तीही. तिची जीभ मात्र पहिल्या दिवसापासून मुरलेली. खिडकीवरच्या कारकुनाने घोळ घातला की ती उठून पुढे जायची आणि भरल्या रांगेसमोर त्याची अशी हजेरी घ्यायची, की ताटकळलेल्या लोकांनाही त्याची कीव यावी. "मशीन चुकत नाही रे बाबा, माणूस चुकतो," हे तिचं पालुपद. माणसांचं आणि तिचं एकूणच जमलं नाही.

एका माणसाशी मात्र जमलं होतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा शिकलेली आणि घरी बसलेली होती. थोरलीनेच साहेबांच्या मागे लागून तिला ऑफिसात चिकटवली, आपल्या शेजारी खुर्ची टाकून शिकवली. घरी आल्यावरही तेच. स्वयंपाकघरात खाली बसून दोघी मटार सोलायच्या, नाहीतर पालेभाजी निवडायच्या आणि थोरली मशीनच्या खोड्या सांगायची, जशी एखादी बाई नवऱ्याच्या सांगते. धाकटी हसून हसून लोळायची. सासरे बाहेरून ओरडायचे, "अगं, आज जेवायला काय आहे, प्रोग्राम का?" थोरलीने त्या पोरीला जीव लावला होता, यात शंका नको.

मग धाकटी खात्याची परीक्षा देऊन अधिकारी झाली. घरी पाहुणे बोलावले, जेवणं झाली. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "गुरू घरातच होता ना!" धाकटी हसत म्हणाली, "वहिनींनी बटणं दाबायला शिकवली हो. बाकीचं माझं मी शिकले."

एवढंच. थोरली तेव्हा पाण्याचे पेले भरत होती. तिने सगळे पेले भरले, तांब्या जागेवर ठेवला, आणि त्या क्षणापासून धाकटीशी बोलणं बंद केलं. धाकटीला आधी कळलंच नाही, कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि वाईट वाटून काही उपयोग नाही म्हटल्यावर तिलाही राग आला. "एवढं काय बोलले मी?" म्हणून तिनेही तोंड फिरवलं. तीन वर्षं झाली. मोटर कधी लावायची, दुधवाल्याला काय सांगायचं, सगळे निरोप सासऱ्यांमार्फत. म्हातारा गुडघे धरून जिना चढायचा, उतरायचा आणि म्हणायचा, "मी या घरातला टेलिफोन एक्स्चेंज आहे. फक्त मला पगार नाही."

अशात ऑफिसात हुकूम आला. जुना मेनफ्रेम काढायचा, सगळं आरक्षण नव्या मशीनवर न्यायचं. आखणी कोणी करायची? धाकटीने. जुन्या मशीन रूममधल्यांपैकी एकालाच नव्या खोलीत घ्यायचं, बाकीच्यांनी चौकशीच्या खिडकीवर बसायचं. तो एक कोण, हेही धाकटीच सुचवणार.

चौकशीची खिडकी! गाडी कुठे येणार, शौचालय कुठे आहे, माझं पाकीट सापडलं का, याची उत्तरं दिवसभर देत बसायची. आणि कोणी? थोरलीने? माणसांपेक्षा मशीन बरं म्हणत जिने जन्म काढला, तिने? नव्या खोलीतली ती एक खुर्ची आपल्याला मिळालीच पाहिजे, आणि तीही धाकटीकडे तोंड न वेंगाडता, असं तिने मनाशी घट्ट धरलं.

आखणीच्या बैठका सुरू झाल्या. दोघी समोरासमोर बसायच्या आणि साहेबांशी बोलायच्या. "साहेब, त्यांना विचारा, जुन्या मशीनवरून माहिती उतरवायला वेळ किती लागेल." "साहेब, त्यांना सांगा, लागेल तेवढा लागेल." साहेबांची मान टेनिस बघावं तशी फिरायची.

शेवटी आराखडा वाचून दाखवला गेला. रविवारी दुपारी, गर्दी नसताना, सगळ्या खिडक्या बंद करायच्या. जुन्या मशीनवरची माहिती नव्यावर उतरवायची. मग खिडक्या नव्यावर उघडायच्या.

थोरलीचे कान टवकारले. यात वेटिंग लिस्टचं नावच नव्हतं. जुन्या मशीनची खोड अशी, की खिडक्या बंद केल्या तरी वेटिंगचा प्रोग्राम मागे आपला चालूच राहतो. रद्द झालेले बर्थ सावकाश वेटिंगवाल्यांना वाटत बसतो. तो वेगळा बंद करावा लागतो. नाही केला, तर माहिती उतरत असतानाच इकडे जुनं मशीन बर्थ देऊन मोकळं, आणि तिकडे नवं मशीन तोच बर्थ रिकामा समजून दुसऱ्याला विकणार. एका बर्थवर दोन माणसं, दोघांकडे खरी तिकिटं.

"कोणाला काही सुचवायचंय?" साहेबांनी विचारलं. धाकटीने पहिल्यांदाच मान वर करून थोरलीकडे सरळ पाहिलं.

थोरलीने मिठाची गुळणी धरली.

पुढच्या बैठकीत आराखडा पुन्हा वाचला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच नजर, पुन्हा तीच गुळणी. रंगीत तालीमही झाली, पण ती जुन्या माहितीवर. तिथे कोण तिकीट रद्द करणार? सगळं सुरळीत पार पडलं, टाळ्या झाल्या. थोरलीनेही वाजवल्या.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. हसत सांगितलं. तो घाबरला. "अगं, सांगून टाक ना! लोक भांडतील गाडीत. म्हातारीकोतारी असतात, लेकुरवाळ्या असतात."

"मला कोणी विचारलंय? मी बटणं दाबणारी बाई. पहिल्याच दिवशी आपटू दे तिला तोंडावर. मग येतील सगळे माझ्याकडे पळत. तेव्हा सांगेन."

"ती आपल्याच घरातली आहे."

"म्हणून तर," थोरली म्हणाली आणि कूस बदलून शांत झोपली. त्या बाईला झोप लागली, हे खरं आहे. उगाच कशाला लपवा?

रविवार आला. थोरली जुन्या मशीनपुढे स्वेटर घालून बसली. नव्या खोलीतून फोन आला, खिडक्या बंद करा. तिने केल्या. पडद्यावर एकेक खिडकी विझत गेली. मग ती हाताची घडी घालून बसली. वेटिंगचा प्रोग्राम मागे गुपचूप आपलं काम करत होता आणि थोरली ओठ मुडपून हसू दाबत होती. आता माहिती उतरवायची ऑर्डर आली की झालं.

ऑर्डर आली नाही. दार उघडलं आणि धाकटी आत आली. मागून साहेब, त्यांच्यामागे नव्या खोलीतले दोघेतिघे. धाकटी खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. घड्याळ पाहिलं. थोडी थांबली, अजून थोडी थांबली. मग तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलली.

"वहिनी, आता वेटिंग बंद करा."

थोरली खुर्चीतच गर्रकन वळली. "तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मटार सोलताना."

साहेब गोंधळले. "हे आराखड्यात नव्हतं."

"माझ्या प्रतीत आहे, साहेब. बैठकीत मुद्दाम वाचलं नाही. जुन्या खोलीतून कोणाला घ्यायचं ते ठरवायचं होतं. म्हटलं, बघू, सांगतात का." तिने हातातली प्रत साहेबांपुढे धरली. "दर वेळी वाट पाहिली. आज आत येऊनही पाहिली."

साहेब थोरलीकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर हजारो लोकांचा प्रवास नासवायला निघालेली बाई. नाही म्हणावं तर स्वतःचं मशीन न कळणारी बाई.

"विसरले," ती म्हणाली.

"वहिनी काही विसरत नाहीत, साहेब," धाकटी म्हणाली. "घरचं सांगते."

थोरलीने वेटिंग बंद केलं. शेवटचं बटण तिनेच दाबलं. माहिती उतरली, नवं मशीन सुरू झालं, एकाही बर्थवर दोन माणसं बसली नाहीत. नव्या खोलीतली खुर्ची जुन्या रूममधल्याच एका माणसाला मिळाली. त्याला थोरलीने त्या खोलीत सगळ्यांदेखत कितीदा झापलं होतं, याची गणती त्यालाही नव्हती. थोरलीला सोमवारपासून चौकशीची खिडकी.

घरी आल्यावर तिने चहा केला नाही, दिवा लावला नाही. सासरे जिन्याच्या पायरीवर बसले होते. वरून त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते काही विचारत नव्हते. शेवटी थोरलीच बोलली.

"बाबा, वर निरोप द्या."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. "बोल."

"तिला म्हणावं, मी सांगणार होते. अगदी शेवटच्या घटकेला का होईना, सांगणारच होते."

सासरे दोन पायऱ्या चढले. कठडा धरून थांबले, वळून तिच्याकडे पाहिलं.

"होतीस का?"

थोरली मान खाली घालून स्वेटरचं बटण काढू-घालू लागली. वरच्या मजल्यावर कोणीतरी पाण्याची मोटर बंद केली आणि घर एकदम शांत झालं. सासरे त्या दोन पायऱ्या सावकाश उतरले आणि पुन्हा होते तिथे बसले.

"मग हा निरोप मी नेत नाही," ते म्हणाले.