योहानकाकांच्या दगडावरचं वाक्य

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. देवाला म्हणाल, तर रोज प्रार्थनेत इतक्या गुळगुळीत शब्दांत सांगतो की त्यालाही पत्ता लागत नसावा. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही. समोर माणूस असला की मी बिघडतो. त्याचे डोळे जरा मोठे झालेले दिसले, की माझ्या गोष्टीला पाय फुटतात आणि ती पळत सुटते.

ही जुनी खोड आहे. भरे गावात राहतो, पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे माझ्या हातून एक वॉशर इकडचा तिकडे होत नाही. पण रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभं केलंत, तर साधा ताप सांगताना मी माणसाला मरणाच्या दारातून फिरवून आणतो. नाताळच्या नाटकात बाळांना मारायला निघालेल्या हेरोद राजाचं काम दरवर्षी माझ्याकडेच असायचं. पुढच्या रांगेतली पोरं खरोखर रडायची, आणि त्यांच्या आया मला नंतर चहा द्यायच्या. काय सुख होतं त्यात, सांगू?

आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. उपासनेत कुणीही उठावं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगावं. कुणी दोन वाक्यं बोलतं, कुणी रडतं, कुणी नुसतंच उभं राहून खाली बसतं. मी मात्र साक्ष द्यायला उठलो की मागच्या रांगेतले लोक खुर्च्या पुढे सरकवायचे. लवकरच मला बाहेरून बोलावणी यायला लागली — या गावची घरसभा, त्या सोसायटीतली प्रार्थनासभा. आणि साक्ष द्यायची म्हणजे सांगण्यासारखं काही करायला हवं, नाही का?

म्हणून मी योहानकाकांकडे जायला लागलो. हे वाक्य लिहायलाच मला सात वर्षं लागली.

काका चांद्याला एका शेतकऱ्याच्या मागच्या खोलीत राहत. लकव्यानं डावी बाजू गेलेली. सोबत एकुलती एक मुलगी, रत्ना. ती हिंजवडीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला होती. बुधवारी तिला यायला उशीर व्हायचा, तोवर काकांजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. पाळकांनी विचारलं आणि माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मी काकांची दाढी करायचो, पेज भरवायचो, स्तोत्र वाचून दाखवायचो. पाळकांची नक्कल केली की ते अर्ध्या तोंडानं हसायचे, आणि ते अर्धं हसूसुद्धा मला टाळ्यांसारखं लागायचं.

माझं त्यांच्यावर प्रेम होतं का? होतं — असं वाटतं. पण त्यांच्या ओठांवरून ओघळणारी पेज टॉवेलनं टिपताना, टॉवेल हातात असतानाच, मी ते टिपणं शब्दांत बसवून बघत असायचो. ‘जुना टॉवेल’ म्हणावं की ‘विरलेला टॉवेल’? हात त्यांच्या तोंडाशी आणि मी स्वतः रविवारच्या सभेत.

२००३ च्या उन्हाळ्यातला तो बुधवार. महाळुंग्याला नव्या इमारतीत एका इंजिनिअरच्या घरी सभा होती आणि विषय होता ‘सेवा’. बोलणारा मी. खरं तर रत्ना येईपर्यंत मला उठता येणार नव्हतं, हे बोलावणं घेतानाच मला ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो होतो. संध्याकाळी काकांना पेज भरवली, उशी नीट केली आणि उठलो. त्यांनी उजव्या हातानं माझी बाही धरली.

“बस की जरा, भाऊ. आज लई भ्या वाटतंय.”

मी म्हणालो, “लोक थांबलेत, काका.”

आणि बाही सोडवून घेतली. हळूच. मी प्रेमळ माणूस आहे.

फाटकाशी मालकीणबाई वैरणीचा भारा घेऊन येत होत्या. “आज लवकर निगालात?”

“झोप लागली त्यांना,” मी म्हणालो.

“मग बरं झालं. एकटा असला की म्हातारा हाका मारीत ऱ्हातो.”

महाळुंग्याला मी काय रंगलो म्हणून सांगू. विरलेला टॉवेल सांगितला, अर्धं हसू सांगितलं. शेवटी आवाज खाली आणून म्हणालो, “मी आत्ता त्यांच्याजवळूनच येतोय. शांत झोपलेत.” मग थोडा थांबलो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पुरुषांनी रुमाल काढले. ती शांतता अजून माझ्या अंगावर आहे, आणि ती किती गोड होती हेच तर मला सांगायचं आहे. आजाऱ्याला सोडून मी आजाऱ्याच्या सेवेची गोष्ट सांगायला आलो होतो, आणि त्या घरातल्या लख्ख उजेडात मला त्यात काहीच चुकीचं दिसत नव्हतं.

घरी पोचलो तर बायको दारात. म्हणाली, “काका गेले. रत्ना आली तेव्हा गार पडले होते.”

मी तिथेच बोलायला हवं होतं. पण मालकीणबाईंनी आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं — झोपेतच गेला म्हातारा, भाऊ त्याला झोपवूनच निघाले होते. बघा, माझा साक्षीदार मी संध्याकाळीच फाटकाशी तयार करून ठेवला होता. चांद्याहून मी किती वाजता निघालो आणि महाळुंग्याला किती वाजता बोलायला उभा राहिलो, हे कुणी कधी जुळवून पाहिलं नाही.

मातीच्या दिवशी खोली भरलेली. रत्ना जमिनीवर बसली होती. तिनं मान वर केली आणि सगळ्यांदेखत विचारलं, “दादा, शेवटी तुम्हीच होता. काही बोलले का हो बाबा?”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. तुम्हाला माझी खोड आता कळली आहे. मी रत्नाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “म्हणाले, रत्नाला सांग — मला भय वाटत नाही.”

वर्षभरानं तिनं कबरीवर काळा दगड बसवला. त्यावर काकांचं नाव, आणि नावाखाली पांढऱ्या अक्षरांत: ‘मला भय वाटत नाही’. तो दगड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात पहिला विचार कुठला आला असेल? शरमेचा? नाही. वाटलं, वाक्य शोभतंय. अक्षरं जरा मोठी हवी होती.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी उजाडायच्या आत आमची मंडळी दफनभूमीत जाते. मेणबत्त्या लावतात, गाणी म्हणतात. काकांच्या दगडाशी आले की पाळक दरवर्षी मला पुढे करतात. मी सांगतो. एकदा ताप आल्याचं सोंग केलं, तर पाळकांनी गाडी पाठवली, वर ब्लँकेटही. घरी बसायची सोय नाही, गाव सोडायची नाही, आणि तिथे उभं राहिलं की वाईट सांगायचीही नाही. दरवर्षी ते जास्तच चांगलं होत गेलं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांमध्ये मला निवडलं तेव्हाही हेच वाक्य माझ्या बाजूनं बोललं गेलं.

मग गेल्या वर्षी रत्नाच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी दुपारी मी पुण्याला दवाखान्यात गेलो. ती खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून म्हणाली, “दादा, मला लई भ्या वाटतंय. आणि त्याची लाज वाटती. बाबा कसे गेले, आणि मी बघा.”

तेच शब्द. अगदी त्याच आवाजात. मला एवढंच म्हणायचं होतं: रत्ना, बाबांनाही वाटलं होतं. एका वाक्यानं ती मोकळी झाली असती. पण त्या वाक्याच्या मागून पुढचं वाक्य आलं असतं — मग तुम्ही काय केलंत, दादा?

ती म्हणाली, “परत एकदा सांगा ना. कसं म्हणाले?”

आणि मी सांगितलं. तिचा हात हातात घेऊन, आवाज खाली आणून. या वेळी एक नवं घातलं: काका ते म्हणताना हसले. तिनं डोळे पुसले. “आता नाही घाबरणार,” म्हणाली. आत नेताना तिनं ओठ इतका दाबून धरला होता की तो पांढरा पडला होता. ती बरी झाली, कामावर जाते. पण तेव्हापासून भीती वाटल्याचं तिनं कुणालाच सांगितलेलं नाही. वाटत नसेल असं मला वाटत नाही. तपासणीला एकटी जाते. सोबत येऊ का विचारलं, तर हसून दगडावरचं वाक्य मलाच ऐकवते.

यंदाही आम्ही दफनभूमीत गेलो. मंडळीत एक नवं जोडपं आलं आहे, त्यांना रत्नानं दगड दाखवला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, “शेवटी हे होते त्यांच्याजवळ.” तिनं आपली मेणबत्ती माझ्या हातात दिली. मी सांगितलं. चांगलं झालं.

जे सांगितलं नाही ते हे. त्या संध्याकाळी खोलीबाहेर मी स्कूटरला किक मारत होतो आणि ती लागत नव्हती. दोन किकांच्या मधे शांतता असते. त्या शांततेत आतून काका हाक मारत होते. मला ऐकू आली. मी पुन्हा किक मारली.