बॅटरी पायाशी

थिएटरच्या अंधारात बॅटरी कशी धरायची याची एक रीत असते. उजेड जमिनीवर पाडायचा, माणसाच्या पावलांपुढे वीतभर. उशिरा आलेल्याला जागा दाखवायची असो की मध्यंतरानंतर माणसं मोजायची असोत, उजेड गुडघ्याच्या वर जाता कामा नये. नाशिकच्या त्या थिएटरात मी बुकिंग क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा म्हाताऱ्या डोअरकीपरकाकांनी पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं होतं.

"अंधारात कोण कोणाबरोबर बसलंय, कोण रडतंय, कोण झोपलंय, ते आपल्याला बघायचं नाही. पाय मोजायचे आणि दोनानं भागायचं."

"आणि लंगडा असला तर?"

"मग अर्धा धरायचा," काका म्हणाले. "करमणूक कराचा इन्स्पेक्टरसुद्धा हसतो रे त्याला."

इन्स्पेक्टर कधीही येई, म्हणून ही मोजणी. आत बसलेली माणसं आणि फाडलेली तिकिटं जुळली पाहिजेत. मला ही पद्धत फार आवडे. मी आकड्यांचा माणूस आहे. जुळलं की बरं वाटतं आणि नाही जुळलं तर जेवण जात नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात बारा-तेरा वर्षं एक गोष्ट जुळत नव्हती, एवढं आधीच सांगतो.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमच्याकडे आणखी एक रिवाज होता. सोमवारी दुपारचा खेळ रिकामाच जायचा. तेव्हा कामगारांच्या घरच्यांनी दिवे गेल्यावर गुपचूप स्टॉलच्या शेवटच्या रांगेत बसायचं. मालकांना हे माहीत होतं. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. ते सोमवारी मुद्दाम थिएटरकडे फिरकत नसत, म्हणजे त्यांना दिसायचा प्रश्नच येत नसे.

माझी आई कळवणकडच्या आमच्या गावाहून आली होती, माझ्या मुलीला बघायला. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. आईनं आयुष्यात थिएटर बघितलं नव्हतं. जत्रेत पडद्यावर काहीतरी हलताना बघितलं होतं, तेवढंच. सोमवार होता. मी तिला शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं. तिनं खुर्चीला हात लावून नमस्कार केला, चपला काढून खाली नीट जोडून ठेवल्या आणि पाय वर घेऊन बसली. घरी बसायची तशीच.

मध्यंतरात मी डोकावलो. आई पडद्यावरची जाहिरातसुद्धा डोळे फाडून बघत होती.

"कसा आहे सिनेमा?"

"गप रे. त्या पोरीला तिच्या सासूनं कोंडलंय. आता काय व्हतं काय माहीत."

मध्यंतरानंतर काकांनी पाय मोजले. आईचे पाय खुर्चीवर असल्यामुळे त्यांच्या मोजणीत ती आलीच नाही आणि हिशेब बरोबर लागला. काकांनी मला खिडकीत येऊन तसं सांगितलंही, हसत हसत. तेवढ्यात नवा मॅनेजर आत गेला आणि काका त्याच्यामागे गेले.

तो महिन्यापूर्वीच आला होता. रंगीत अक्षरांत त्यानं दारावर पाटी लावून घेतली होती: 'विनातिकीट कोणासही प्रवेश नाही.' सोमवारचा रिवाज त्याच्या कानावर गेला असणार. पण त्यानं आम्हाला बोलावून 'हे बंद करा' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आम्ही बंद केलं असतं. त्याला कोणाला तरी पकडायचं होतं.

त्यानं बॅटरी सरळ आईच्या तोंडावर मारली.

"ए म्हातारे, तिकीट?"

"माझा पोरगा हितं कामाला हाय," आई म्हणाली. डोळ्यांपुढे हात धरून म्हणाली, हे काकांनी नंतर सांगितलं.

"पोरगा कामाला आहे म्हणून सगळं गाव फुकट आत घालणार का? ऊठ!"

पुढच्या रांगांतली माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी ओरडलं, "ओ, लाइट बंद करा की!" दुसरा कोणी म्हणाला, "आजी, पळा!" आणि हशा झाला. मॅनेजरनं तिला दंडाला धरून बाहेर आणलं. तोवर बॅटरी तोंडावरच होती. मी खिडकीतून धावत आलो तेव्हा आई लॉबीतल्या फरशीवर अनवाणी उभी होती. चपला आत राहिल्या होत्या.

मी म्हणालो, "साहेब, मी तिकीट काढतो तिचं. आत्ता काढतो."

"काढ की," तो म्हणाला. "पण अर्धा सिनेमा राहिलाय म्हणून अर्धं तिकीट नसतं. पूर्ण लागतं."

मी पूर्ण काढलं. आईनं ते हातात घेतलं नाही. "मला नाय बघायचा," एवढंच म्हणाली. काकांनी चपला आणून दिल्या, त्या घातल्या आणि ती बाहेर रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर माझी ड्युटी सुटेपर्यंत बसून राहिली.

त्यानंतर ती नाशिकला कायमची आली, इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला लागली, पण थिएटरच्या रस्त्यानं रिक्षा गेली तरी मान फिरवायची. दोन-तीन वर्षांनी मॅनेजर जास्त पगारावर दुसरीकडे गेला. मी तिला म्हटलं, आता तो नाही, चल. ती म्हणाली, "माणूस गेला. जागा तीच हाय ना." माझ्या मुलीचा शाळेचा बालनाट्याचा कार्यक्रम एकदा त्याच थिएटरात होता. तेव्हाही ती घरी राहिली.

लोक म्हणतात, सोडून द्यावं. मी सोडलं नाही. सोडायचं असतं ते त्या माणसानं, ज्याचं काही गेलंय. गेलं होतं आईचं, आणि तिनं सोडलं नव्हतं, मग मी कोण सोडणारा?

पुढे शहरात मॉल आले, गुबगुबीत खुर्च्यांची थिएटरं आली. आमच्याकडची माणसं एकेक करून गेली आणि उरलेल्यांत मला मॅनेजर केलं गेलं. दारावरची ती पाटी मी काढली नाही. उलट दर दिवाळीला रंगवून घेत होतो. शेवटी शेठनी थिएटर बिल्डरला द्यायचं ठरवलं. म्हणाले, "शेवटच्या रविवारी एखादा जुना सिनेमा लावा. जुन्या सगळ्या स्टाफला बोलवा. त्या आधीच्या मॅनेजरलासुद्धा."

"त्यांना तर नक्कीच," मी म्हणालो.

सिनेमा कोणता, ते मला विचारावं लागलं नाही. सासूनं कोंडलेल्या पोरीचाच. मुंबईच्या वितरकाच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "अहो, ती रिळांची पेटी गोदामात कुठे पडलीय देवाला ठाऊक. दुसरं काहीतरी घ्या." मी तोच घेतला. प्रिंटवर पावसासारख्या रेघा होत्या, पण पूर्ण होती.

आमंत्रणं मी स्वतः फोनवर केली. सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं: आमंत्रण स्टाफला आहे, बरोबर कोणी येणार असेल तर त्यांची तिकिटं खिडकीवर. त्यालाही तेच सांगितलं. तो हसला. "अरे, आपलंच थिएटर आहे!"

रविवारी तीनच्या खेळाला तो आला. मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि होणारे व्याही, विहीणबाई आणि जावई यांना घेऊन आला होता. खिडकीकडे वळला नाही. व्याह्यांना दाखवत होता, "ही लॉबी मी करून घेतली. हा स्टाफ माझ्या हाताखाली तयार झाला." दारावरच्या पोरानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जाऊ दे आत.

मध्यंतर झालं. मी बॅटरीत नवे सेल घातले आणि बाल्कनीत गेलो. आधी रीतीप्रमाणे सगळी बाल्कनी मोजली. तीन माणसं जास्त भरली. मग त्याच्या रांगेशी आलो आणि बॅटरी त्याच्या तोंडावर मारली.

"तिकीट?"

त्यानं डोळ्यांपुढे हात धरला. "कोण आहे? अरे, मी आहे मी!"

"तुम्ही आहात ते दिसतंय साहेब. तुम्हाला आमंत्रण आहे, तुम्ही बसा. या तिघांची तिकिटं दाखवा."

"वेडा झालास का? पाहुणे आहेत माझे!"

"साहेब, पाटी तुमचीच आहे. विनातिकीट कोणासही नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ, लाइट बंद करा!" बॅटरी मी हलवली नाही. व्याही समजूतदार माणूस होता. उठत हळूच म्हणाला, "किती होतात? मी देतो. आणि आता अर्धाच राहिलाय म्हणजे..."

"अर्धं तिकीट नसतं," मी म्हणालो. "पूर्ण लागतं. का हो साहेब?"

त्याला ते वाक्य आठवलं की नाही, मला माहीत नाही. मला आठवत होतं, तेवढं पुरे. "शेठना बोलव," तो म्हणाला. मी म्हणालो, शेठ खाली आहेत, आणि आजचा खेळ संपेपर्यंत मॅनेजर मी आहे. तेव्हा व्याही म्हणाला, "राहू द्या, निघू आपण." विहीणबाई पायानं चपला चाचपायला लागल्या. त्यांचा काही दोष नव्हता. मी बॅटरी त्याच्या तोंडावरून काढून त्यांच्या पायाशी धरली. चपला सापडल्यावर त्या दारापर्यंत जाईस्तोवर पुढे वीतभर उजेड देत राहिलो. तो त्यांच्या मागून गेला, अंधारात, खुर्च्यांना ठेचकाळत.

मी स्कूटर काढून सरळ घरी गेलो. आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"त्या बाईच्या तोंडावर नाय ना मारली?"

"नाही. पायाशी धरली."

"बरं केलं. आन त्याच्या?"

"डोळ्यांवर."

"लय येळ?"

"बराच."

"मागून कोणी हसलं का?"

"ओरडले. हसलं नाही कोणी."

"हसायला पायजे व्हतं," आई म्हणाली. मग विचारलं, "त्यो सिनेमा अजून हाय?"

"सहाचा एक खेळ आहे. शेवटचा."

ती उठून लुगडं नीट करायला लागली. मी म्हणालो, अजून वेळ आहे, सहाला पोचू. ती म्हणाली, "सहाला कशाला? इंटरवल झाल्यावर जाऊ. आधीचा बघितलाय मी."

मी तिचं पूर्ण तिकीट काढलं आणि दारात स्वतः फाडलं. ती शेवटच्या रांगेत कडेच्याच खुर्चीवर बसली. चपला काढल्या नाहीत. पाय खाली ठेवले, फरशीवर, घट्ट.

मग मी बॅटरी घेऊन मोजायला निघालो. शेवटच्या रांगेत दोन पाय, म्हणजे एक माणूस. तिकीटही एक होतं.