वाट्याची अंडी

गावातच राहिलेला नामा, आणि गाव सोडून पुण्याला, सुरतेला गेलेले तुम्ही सगळे,

आम्ही निघालो त्या सकाळी धुकं एवढं होतं की एसटी आधी ऐकू आली, मग दिसली. आयनं हिराच्या काखेत झाकणाची पाटी दिली. आत तांबडी कोंबडी, पाय सुतळीनं बांधलेले. कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट कोण काढणार?" आय म्हणाली, "ती अंडं तरी देती बाबा, तुझ्यासारखी नुसती घंटी ओढीत न्हाई." सगळी एसटी हसली. हिरा तेवढी हसली नाही. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि माझ्या बायकोला शहरात यायचंच नव्हतं.

आणीबाणी उठली त्या सुमाराची ही गोष्ट. मला तुर्भ्याला कारखान्यात काम लागलं होतं. नवी मुंबई तेव्हा बोर्डावर होती. खाली चिखल, खाडी, आणि डोंगर फोडणाऱ्या खाणींची पांढरी धूळ. पत्र्याची एक खोली घेतली. मी पाळीला जायचो, हिरा दारात बसून कोंबडीशी बोलायची. माझ्याशी नाही.

मग कोंबडी खुडूक झाली. अंडी घालायची थांबली आणि उबवायचं वेड घेऊन, पिसं फुलवून कोपऱ्यात बसली. खाली अंडं एक नाही, सगळी आम्ही खाल्लेली. हिरा म्हणाली, "अवो, हिला बसवा. पिल्लं निघाली तर मी हितं राहीन. न्हाई निघाली तर मला गावाला सोडून या." हसण्यावारी नव्हती बोलत. तिनं मनाशी कौल लावला होता.

मीही इरेला पेटलो. दुकानातून अंडी आणली. पांढरीशुभ्र, सगळी एका मापाची, आणि इतकी स्वस्त की वाटलं, शहर म्हणजे हेच, इथं कुणाला काही कमी पडत नाही. अंड्यातून पिल्लू निघणार नाही असं आपल्या गावात कधी कुणाच्या मनात तरी आलं होतं का? कोंबडा लागतो हे आपण ध्यानातच घेत नव्हतो, तो वाऱ्यासारखा असायचाच. टोपलीत भुसा घातला, अंडी मांडली, ढगाच्या गडगडाटानं ती बिघडू नयेत म्हणून आयच्या रीतीनं कोळसा आणि खिळा ठेवला.

ते दिवस मला अजून अर्धवट झोपेत दिसतात. यंत्रावर उभा असलो तरी डोळ्यापुढं ती टोपली, तिच्यातली ऊब. कोंबडी उठायची, घोटभर पाणी प्यायची, लगेच परत बसायची. हलकी होत होत नुसती पिसं राहिली. पिल्लं निघायची वेळ टळली. हिरानं एक अंडं कानाला लावलं, बराच वेळ धरलं, परत ठेवलं आणि गाठोडं बांधायला घेतलं.

तेवढ्यात भाजीवाली काशीबाई दारात आली. तुर्भे गावची आगरी म्हातारी. टोपलीत बघितलं आणि हसत हसत खालीच बसली. "आगो बाय, ही तं पोल्ट्रीची अंरी! यांना आईस हाय, बापूस नाय." मग माझ्याकडं वळून, "ए घाट्या, फॅक्टरीत पिल्लं पन बनतान का रं?"

माझं तोंड काळं ठिक्कर पडलं. संध्याकाळी तीच पदरात घरची अंडी घेऊन आली. मी खिशात हात घातला. "इकाची नायत ती. वाट्यानं ठेव. अंरी माजी, कोंबरी तुजी, पिल्लं निम्मी निम्मी." आपण शेळी अर्धलीनं देतो, तसंच. फुकट मी मेलो तरी घेतलं नसतं. वाटा मात्र घेता येतो. आणि दुसऱ्याचा वाटा अर्धवट टाकून गावाला जाईल, अशी हिरा नव्हती. गाठोडं फळीवर गेलं. तिनं कोंबडीला हातावर कण्या चारल्या, पुन्हा बसवली.

एका पहाटे तिनं अंडं माझ्या कानाला लावलं. आत कुणीतरी दार वाजवत होतं.

वाटणीला काशीबाई आली. म्हणाली, "पयली तू उचल." हिरानं सगळ्यात मरतुकडं पिल्लू उचललं. मी विचारलं, "आता जातेस गावाला?" हिरा म्हणाली, "पिल्लं लहान हायेत."

पुढं काशीबाईचं भातशेत शहरासाठी गेलं. खळं गेलं, कोंडा गेला, मग कोंबड्याही गेल्या. एकदा ती मला दुकानात दिसली, पांढरी अंडी घेताना. त्या दिवशी ती हसली नाही. मीही नाही.

आता सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. नातू खोक्यातली महाग अंडी आणतो, वर गवतातल्या कोंबडीचं चित्र. म्हणतो, आबा, ही मोकळ्यावरची. सून म्हणते, एवढे पैसे? स्वस्त अंड्यांना मी नावं ठेवणार नाही, माझी पोरं त्यांच्यावरच वाढली. पण पुढं एकदा पोल्ट्री आतून बघितली मी. जाळीत ओळीनं कोंबड्या, पायाला माती नाही, बसायला जागा नाही. आम्हाला अंडं स्वस्त पडायचं, त्याची उरलेली किंमत त्या भरत होत्या. काशीबाईच्या शेताचंही तसंच. शहर आम्हाला परवडलं, कारण बाकीचं तिनं भरलं. एवढं मला कळतं, शाळा झाली नसली तरी.

नामा, तू गावातली आमची खोली अजून झाडून, कुलूप लावून ठेवतोस असं कळलं. आम्ही काही आता परत राहायला येत नाही. उगाच वाट बघू नको. कुलूप काढ आणि तिथं खुडूक कोंबड्या बसव. हिराला विचारूनच लिहितोय. पिल्लं निघतील त्यातली निम्मी आमची. ती तिथंच राहू देत.