शनिवारपर्यंत जेवलेला माणूस

आकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते बांधकामावरची उंच क्रेन चालवायचे. सकाळी शिडीने वर गेले की संध्याकाळीच जमिनीला पाय लागायचे, म्हणून साइटवरच्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. घरी कोणी त्यांची चौकशी केली तर सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू ना? ते वर असतात." विचारणारा हळहळत निघून जायचा.

माणूस सालस. सगळ्या शहराकडे खाली वाकून बघायची सवय असूनही डोक्यात हवा नव्हती. खोड एकच, खाण्याला धरबंध नव्हता. दुपारी केबिनमधून दोरी सोडायची, खालच्या मंडळींनी टोपलीत जे असेल ते घालायचं. पाव, तळलेले बटाटे, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. दोरीला बांधून आलेल्या अन्नाला नाही म्हणायचं नाही, असा आकाशरावांचा बाणा.

केबिनच्या तळाला एक झडप होती, वर-खाली करायचं तर तिच्यातूनच. एका सकाळी आकाशराव रिकाम्या पोटी तिच्यातून वर गेले. जेवणानंतर काही कामाला उतरायला लागले, ते कमरेपर्यंत गेले आणि थांबले. पाय शिडीवर, पोट झडपेत, डोकं केबिनमध्ये. क्रेनच्या हुकाला एक लोखंडी तुळई लटकत होती, तीही अधांतरी आणि हेही.

मुकादम धापा टाकत शिडीवरून आला. खालून त्यांच्या बुटांना उद्देशून म्हणाला, "आकाशराव, ओढू का ढकलू?"

"काही करू नका," वरून आवाज आला. "जिरू द्या."

तेवढा वेळ सगळी साइट हाताची घडी घालून बसली. एका माणसाचं जेवण पचायची वाट बघत काम थांबल्याचं मुकादमाने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने आकाशरावांना सरळ कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

"समोर येईल ते खाता, हा तुमचा आजार," बाई म्हणाल्या. "रविवारी बसून आठवड्याचं जेवण ठरवा. एकदाच शिजवा, डबे भरा, फ्रिजमध्ये ठेवा. रोज एक दिवस उघडायचा. एकही दिवस चुकवायचा नाही."

आकाशरावांना हे एकदम पटलं. वजन उचलून ठरल्या जागी नेऊन ठेवणं हाच तर त्यांचा धंदा.

पुढच्या रविवारी स्वयंपाकघराची साइट झाली. मसूर शिजले, भोपळा भाजला, हरभरे, बीट आणि अंडी उकडली, कोबी चिरला. आकाशरावांच्या अंगात शर्टावरून कामाचं पिवळं जाकीट. डबे फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आली, तेव्हा बायकोला त्यांनी फ्रिजशेजारी उभं केलं आणि हाताने खुणा करायला लावल्या.

"अहो, डबा आहे तो, तुळई नाही," ती म्हणाली. ती दिवसभर लाँड्रीत उभी असायची. रविवारी तरी बसायला मिळावं, एवढीच तिची अपेक्षा.

"खुणेशिवाय मी वजन हलवत नाही. डावीकडे का उजवीकडे?"

बायकोने सुस्कारा सोडून हात डावीकडे हलवला. सोमवार मागच्या भिंतीला जाऊन अलगद टेकला.

खरी अडचण सासूबाईंची होती. त्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होत्या.

"जावईबापू, बुधवारी मला काय खावंसं वाटेल, ते मला आज कसं कळणार?"

"ठरवायचं, सासूबाई."

"या वयात बुधवारची खात्री कोण देतं? माझा शुक्रवारचा तर भरूच नका. उगाच वाया जाईल."

आकाशरावांनी परोपरीने समजावलं, पण त्या ऐकेनात. शेवटी त्यांचे डबे गुरुवारपर्यंतच भरायचे असं ठरलं. पुढचं पुढे. पुढे व्हायचं काय, तर दर शुक्रवारी सासूबाई ठणठणीत असायच्या आणि जावयाच्या डब्यात जेवायच्या.

डब्यांनी फ्रिज इतका ठासून भरायचा, की बाकीच्या वस्तूंना देशोधडीला लागावं लागलं. दुधाची पिशवी पाण्याच्या बादलीत गेली. सासूबाईंच्या डोळ्यांत घालायचं औषध शेजारच्या बँडवाल्या काकांच्या फ्रिजमध्ये गेलं. काका लग्नकार्यांत ट्रंपेट वाजवायचे आणि एकटेच राहायचे. सासूबाई सकाळ-संध्याकाळ तिकडे औषध घालायला जायच्या. थेंब घालायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ लावून, ओठावरचे केकचे कण पुसत परत यायच्या.

पण डब्यांचा गुण आला, हे नाकारता येणार नाही. आकाशराव झडपेतून भुर्रकन वर-खाली करायला लागले. दोरी अजूनही सोडायचे, पण आता टोपलीत घरचा डबा यायचा. मुकादमाने तो एकदा उघडून बघितला, आत बीट दिसलं, तेव्हा आकाशरावांच्या घरी काही दुःखद घडलंय का, अशी त्याने हळूच चौकशी केली.

असं सुरळीत चाललं असताना एका रविवारी घात झाला. दिवस कडक उन्हाचे. डबे भरून झाले होते, शेवटचा शनिवार खांदा लावून आत सारला होता. दार लागलं. फ्रिजने एक मोठा उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

आकाशरावांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आतला दिवाही गेला होता. फ्रिजवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला उद्या येतो. काकांकडे विचारलं, तर त्यांच्या फ्रिजमध्ये उद्याच्या लग्नाचे हार ठेवलेले.

"वाटून टाकू," बायको म्हणाली. "जिन्यातल्या सगळ्यांना एकेक डबा देऊ."

"आठवडा वाटून टाकायचा?" आकाशरावांचा चेहरा पडला. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, एकही दिवस चुकवायचा नाही."

"मग?"

"मग आत्ताच करू. पण क्रमाने."

आणि उन्हं उतरायच्या आत तिघं सोमवारला बसले. मसूर आणि कोबी. सोमवार कोणालाच जड गेला नाही. मंगळवारचे हरभरे समोर आले, तेव्हा सासूबाई ताठ झाल्या. "मंगळवारी दुपारी मी पडते," म्हणाल्या, आणि खरोखरच आत जाऊन पडल्या. त्या उठेपर्यंत मंगळवार थांबला. बुधवारी लाँड्रीला सुट्टी असते. म्हणून बायको खुर्चीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आज मी पाण्याचा पेलासुद्धा उचलणार नाही." आकाशरावांनी वाढलं, तिने आरामात खाल्लं, वर भोपळा करपलाय अशी तक्रारही केली.

काय चाललंय ते बघायला काका दारात आले.

"आज काय विशेष?"

"गुरुवार," आकाशराव तोंडातला घास सांभाळत म्हणाले.

"अरेच्चा! गुरुवारी तर माझी तालीम." काका धावत जाऊन ट्रंपेट घेऊन आले. गुरुवारचं बीट मग वाद्यांच्या गजरात संपलं. खालच्या मजल्यावरून कोणीतरी काठीने छत ठोकलं, ते काकांनी ठेका म्हणून धरलं.

शुक्रवार उजाडला तेव्हा सासूबाईंना भरून आलं. "एवढं सगळं बघायला मिळालं," त्या म्हणाल्या, आणि जावयाच्या डब्यातली दोन्ही अंडी त्यांनी उचलली. आकाशरावांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं. शनिवारी भात होता. भाताचा शेवटचा घास आकाशरावांनी डोळे मिटून गिळला, आणि बायको म्हणाली, "संपला बाई आठवडा. किती थकायला झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशराव कामावर गेले. पोट आत ओढून, श्वास धरून, मुकादमाच्या खांद्याचा टेकू घेऊन ते कसेबसे झडपेतून वर पोचले. काम सुरू झालं. दुपार झाली, पण दोरी काही खाली आली नाही. खालची माणसं वर बघत राहिली. शेवटी मुकादमाने वॉकीटॉकी उचलला.

"आकाशराव, दोरी सोडा की. जेवायचं नाही का?"

"नाही. मी जेवलोय."

"कधी?"

"मी शनिवारपर्यंत जेवलोय."

मुकादमाने डोक्यावरच्या उन्हाकडे बघितलं, आणि दोन दणकट माणसं वर पिटाळली. आकाशराव कालची हकीकत परोपरीने सांगत होते, पण जितकं सांगावं तितकी ती माणसं त्यांना जास्तच मायेने धरायला लागली. "हो हो, बुधवारी सुट्टी होती ना, चला," असं म्हणत त्यांनी त्यांना खाली आणलं आणि डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं.

बाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी बघितली. मग हळुवारपणे विचारलं, "मला सांगा, आज वार कोणता?"

आकाशराव प्रामाणिक माणूस. त्यांनी जरा विचार केला.

"कामाचा विचारताय का जेवणाचा?"

बाईंनी लगेच विश्रांती लिहून दिली आणि घरी पाठवलं.

घरी फ्रिजवाला जमिनीवर पालथा पडून फ्रिजच्या मागे बघत होता. एवढं कोंबलं तर गार हवा फिरणार कुठून, यंत्र धापा टाकून बसलं, असं तो म्हणाला. काहीतरी बदललं, काहीतरी आवळलं आणि फ्रिज पुन्हा घुरघुरायला लागला. त्यात आता बर्फाच्या साच्याखेरीज काहीही नव्हतं.

संध्याकाळी बायको लाँड्रीतून आली. तिघं स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. कित्येक रविवारांनंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणाला ठाऊक नव्हतं, आज काय आहे ते.

"काय करायचं?" बायकोने विचारलं.

आकाशरावांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी टोपलीत हात घालून एक बटाटा काढला, उलटसुलट करून बघितला.

"हा बरा वाटतोय."

"आजसाठी?" आकाशराव.

"नाहीतर काय, श्राद्धासाठी?"

आकाशरावांनी सुरी घेतली आणि सोलायला बसले. भूक अशी नव्हतीच, पण साल निघत होती तशी थोडी थोडी लागायला लागली. बायको खुर्ची ओढून समोर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "जाड सोलताय. बारीक काढा."